माशाचं तोंड

चिमट्यानं गरम ओला रुमाल उचलून तिनं दिराच्या हातावर ठेवला, तशी दिरानं मान खाली घातली. त्यानं बोटं पुसली, मग पुन्हा पुसली, मग रुमालाची घडी घालत बसला. पण वर काही बघेना. शेजारी सासूबाई ठेवणीतले कपडे घालून ताठ बसल्या होत्या. समोर दिराचे साहेब होते, आणि ते मात्र लहान मुलासारखे खुशीत येऊन भिंतीवरची रेशमी पाखरं न्याहाळत होते.

ओळख दाखवायची नाही, असं दुपारीच ठरलं होतं. ठरलं म्हणजे दिरानं फोनवर ठरवलं होतं.

“वहिनी, साहेबांनीच तुझ्या हॉटेलचं नाव काढलं गं. शहरात याच्या तोडीचं चायनीज दुसरं नाही म्हणाले. मी नाही कसं म्हणणार?”

“मग या की.”

“येतो. आईलाही आणा म्हणालेत. फक्त तू तिथे ओळख दाखवू नकोस. माझ्या बढतीचं चाललंय. आमची वहिनी आमच्याच टेबलाला वाढते, हे कसं दिसेल, तूच सांग.”

“बरं,” एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला होता. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण भांडायला वेळ नव्हता; दालन लावायचं होतं.

इथे प्रत्येक खास दालनाला एक कॅप्टन असतो. कुठला पदार्थ कधी आणायचा, कुणाचा चहाचा कप रिकामा होऊ द्यायचा नाही, कोण नुसता मान डोलावतोय आणि कुणाला खरंच भूक लागली आहे, हे सगळं त्याच्या नजरेत हवं. खरकट्या बशा उचलता उचलता ती इथवर आली होती. तिला ‘कॅप्टनबाई’ म्हणून चिडवणारा मुख्य आचारीसुद्धा मोठा पाहुणा येणार असला की आधी विचारायचा, कॅप्टनबाई आहेत ना आज? घरी मात्र कुणी चौकशी केली, तर सासूबाई “जाते कामाला” म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

म्हणून आज तिनं चॉपस्टिकच्या काड्यांबरोबर तिघांच्याही ताटाशी काटा ठेवला होता. एकट्या सासूबाईंना दिला असता, तर तो सगळ्यांच्या डोळ्यांवर आला असता. सासूबाईंनी आधी स्वतःच्या काट्याकडे पाहिलं, मग मुलाच्या, मग साहेबांच्या. काटा उचलून जेवायला लागल्या.

जेवण रंगात आलं. बदकाची खरपूस कातडी तिनं टेबलाशी उभं राहून अशी कापली, की साहेब काड्या हवेतच धरून बघत राहिले.

“वा! हात आहे हो तुमचा!”

“आभारी आहे, सर.”

दीर उगाचच खोकला. सासूबाई सुनेचे हात बघत होत्या. घरात याच हातांना ‘जरा भरभर चालव’ म्हणून त्यांनी किती टोकलं होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

मग मासा आला. वाफेवर शिजवलेला, अख्खा, वर आल्याचे आणि कांद्याच्या पातीचे केसासारखे बारीक काप. तिनं त्यावर कडकडीत तेल ओतलं. चर्र आवाज झाला आणि दालनभर वास सुटला. टेबलाच्या मधोमध काचेची फिरती तबकडी होती. तिच्यावर ताट ठेवून तिनं माशाचं तोंड अलगद साहेबांकडे केलं.

“असं का?” साहेबांनी विचारलं.

“ही इथली रीत आहे, सर. मासा ज्याच्याकडे बघतो, तो आजचा मानकरी. पहिला घास त्याचा. तोवर कुणी खायचं नाही.”

साहेब खूश झाले. दिराचा जीव भांड्यात पडला. आता साहेबांनी काड्या बुडवल्या की झालं, असा त्याचा चेहरा होता.

तेवढ्यात सासूबाईंनी तबकडीवर बोट टेकवलं आणि ती फिरवली. मासा साहेबांपुढून निघाला, दिरापुढून गेला आणि जिथे खुर्चीच नव्हती तिथे, वाढायला उभ्या असलेल्या सुनेसमोर येऊन थांबला.

“अगं आई, काय करतेस?” दीर पुटपुटला. “तिकडे कुणी बसलेलं नाही.”

“बसलेलं नाही. उभी आहे ती. आल्यापासून उभी आहे.” मग त्या साहेबांकडे वळल्या. “ही माझी थोरली सून.”

साहेबांनी काड्या खाली ठेवल्या. दिराचे कान लालबुंद झाले. तिला एवढा अभिमान वाटला, की क्षणभर पुढचं काम काय तेच सुचेना. मग तिनं कोट सारखा केला, तबकडीवर हात ठेवला आणि मासा हलकेच पुन्हा साहेबांकडे वळवला.

“आई, घरच्या माणसानं मान घ्यायचा नसतो,” ती म्हणाली. “तो पाहुण्यांचा. हे दालन माझं आहे. आज तुम्ही सगळे माझ्याकडे आलात.”

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. जाणकार माणूस जाणकाराला दाद देताना हलवतो तशी.

माशाच्या गालाचा लुसलुशीत तुकडा तिनं साहेबांना वाढला. त्यांनी बसल्या जागी वाकून नमस्कार केला आणि पहिला घास घेतला. मग पाठीकडचा जाड तुकडा, काटे काढून, सासूबाईंच्या ताटात गेला. ती दिराजवळ आली, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी बशी पुढे केली होती, आणि आता तो वर बघत होता.

“वहिनी,” तो साहेबांच्या देखत म्हणाला, “मला शेपटीकडचा काटेरी तुकडा दे.”

तिनं त्याला नीट निरखलं. आणि शेपटीकडचाच दिला.