सुपारीएवढी

अडकित्त्यात सुपारी फुटावी, तसा तो आवाज होता. एकच. त्याला दोन वर्षं होतील. पण कुडापलीकडे कुणी सुपारी फोडायला घेतली, की मी अजून शंखात शिरते.

मी गोगलगाय बोलतेय. सावकाश बोलते, तेवढं सांभाळून घ्या.

पोशीर गावात लडकूच्या परसात, भोपळीच्या वेलाखाली माझा जन्म झाला. मी हरभऱ्याएवढी असताना त्याच्या आईनं, अंबूबाईनं, मला चिमटीत उचललं. लडकूची लेक ठकी तीन वर्षांची झाली होती, तरी सरपटायची.

म्हातारी सुनेला म्हणाली, "जिजे, तुझी पोर आन ही येकच. दोगी सरपटत्यात. ही सुपारीएवढी झाली का पोर पायावर उबी ऱ्हाईल. दसऱ्यापातुर वाट बगते. नाय तर लडकूला दुसरी करून देते."

मला स्वच्छ गाडग्यात ठेवलं. मातीनं घाण होते म्हणून माती नाही, पाला नाही. नुसता भात. गाडगं अंधाऱ्या कोपऱ्यात. ठकीही तिथंच, कारण अंगणात नेली की लोक हसत. तिलाही भात आणि पेज.

दर अवसेला म्हातारी गाडग्यात सुपारी टाकून मला तिच्याशेजारी ठेवी. माझा शंख कांद्याच्या सालासारखा पातळ झाला होता, कडा झडत होत्या.

"गिळते बग कशी! आन वाढ नाय. तुझ्यावर गेली गं जिजे."

ठकी मला बोटावर चालवायची. गुदगुल्या झाल्या की हसायची. एकदा खाऊ समजून तिनं मला चावलं; शंखाच्या टोकाचा टवका उडाला. तिला दोष देत नाही. ती भिंतीची मातीही उकरून खायची. मग म्हातारी तिच्या ओठांवर मिरची चोळी. जिजा पाठ फिरवून चूल फुंकत राही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिजानं केळीच्या बुंध्यातून एक सुपारीएवढी गोगलगाय आणून गाडग्यात टाकली. मला दारातल्या खांबाशी भिरकावलं.

सकाळी म्हातारीचा आनंद मला बाहेर ऐकू आला. "वाढली! माझी बाय वाढली! आण पोरीला. उबी कर."

"आत्याबाई, आज नको. सणाचा दिवस..."

"आजच. देवानं कौल दिलाय."

तिनं ठकीला उभं केलं आणि सोडलं. ठकी पडली. पुन्हा उभं केलं.

"सोंग करते गं ही! गुडघं सरळ कर, सरळ!"

म्हातारीनं वाकडे गुडघे दोन्ही हातांनी दाबले. मग तो आवाज झाला. त्याच्यामागून ठकीचा.

गोगलगाय बदलल्याचं जिजानं एका शब्दानं सांगितलं असतं, तर म्हातारी थांबली असती. पण जिजाला दुसरीची भीती होती. सवत माघात आलीच. ठकी आता सरपटतही नाही.

मी मात्र वाढले. विड्याचं पान खाल्लं, की म्हातारी बोटाचा उरलेला चुना खांबाला पुसते. तो मी चाटला. उन्हं उतरली की पाला खाल्ला, मातीत पाय रोवले. पहिल्या पावसाळ्यातच शंख जाड झाला. ज्या बोटांनी ठकीच्या ओठांवर मिरची चोळली, त्याच बोटांनी मला वाढवलं. ठकीला काय हवं होतं, ते सांगण्याएवढी मी शहाणी नाही. मला काय हवं होतं, तेवढं मला ठाऊक आहे.

काल जिजा दार सारवायला आली. तिनं मला खांबावरून काढलं. शंखाच्या टोकाच्या टवक्यावरून तिचा अंगठा फिरला आणि तिथंच थांबला. मग तिनं खांबाकडे पाहिलं. चुन्याच्या डागांत माझी चाटल्याची वाट होती. तिनं थोडा चुना नखानं खरवडला आणि हातात धरून राहिली. आतून ठकी कण्हली.

जिजे, मला आत ने गं. तिच्या बोटावर एकदा ठेव. जमलंच तर तिलाही दारात उन्हाला आण.

तिनं हात पदराला पुसला. मला होते तिथं ठेवलं, शेणाची पाटी उचलली आणि निघून गेली.