मामंजींच्या पाट्या आणि भावजींचं वळण

माझ्याबरोबर फिरायला येणाऱ्यांना मी आधीच बजावते, चप्पल दणकट घाला आणि मी बोलत असताना मध्ये बोलू नका. हे शहर मला तोंडपाठ आहे. शहर कसलं, वारूळ आहे नुसतं! समोरच्या घरात फोडणी करपली की ठसका आपल्याला लागतो. पण धक्क्यावरून बोटीत बसलं की थोड्याच वेळात एकेक बेट लागायला लागतं, आणि मग माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो. रविवारी आधी बेटं आणि परत आल्यावर आमची गल्ली, हा माझा ठरलेला क्रम. त्यात बदल नाही.

आमची गल्ली पाट्यांची. छत्रीवाला, कुलूपवाला, चष्मेवाला, शिंपी, सगळ्यांच्या दारावर लाकडी पाट्या, आणि एकूण एक पाटी माझ्या सासऱ्यांच्या हातची. मामंजी पेंटर होते. त्यांची अक्षरं बघून छापखान्यानं मान खाली घालावी. ते गेल्यापासून माझे धाकटे दीर त्या पाट्या सांभाळतात. पोपडा निघेल तिथे तेवढाच रंग भरायचा, बापाच्या रेषेबाहेर केसभरही जायचं नाही. भावजी स्वभावानं इतके गरीब की बोटीत चढतानासुद्धा कुणाला सरका म्हणत नाहीत.

तर झालं असं, की रस्ता रुंद करायच्या नकाशात आमची गल्ली सापडली. दुकानं, वरची घरं, सगळं जमीनदोस्त होणार. वाचायचा एकच मार्ग होता. जुन्या वास्तूंच्या कचेरीतल्या बाई सोमवारी येऊन पाट्या बघणार होत्या. पाट्या खरोखर जुन्या निघाल्या, तर गल्लीला कुणी हात लावू शकणार नव्हतं. त्या बाईंना मीच तीन महिने पिच्छा पुरवून यायला लावलं होतं. शनिवारी मी सगळ्यांना गोळा करून एवढंच सांगितलं, "परवा बाई येताहेत. पाट्या कशा, नजरेत भरल्या पाहिजेत!" आणि रविवारी पहिल्या बोटीनं माझी माणसं घेऊन बेटांवर गेले.

दुपारी परत आले आणि गल्लीच्या तोंडाशीच माझी बोबडी वळली. सगळ्या पाट्या चकाचक! पिवळ्यावर लाल, पांढऱ्यावर निळी, रंग नुसता लखलखत होता. मामंजींचं एक अक्षर दिसेल तर शपथ.

छत्रीवाला हात पुसत पुढे आला. "कशी काय वाटली? तुझी बोट सुटली तशी आम्ही डबे-शिड्या धरल्या, ब्रश तुझ्या दिराचा. पाहुणे यायचे म्हणजे घर आवरायला नको?"

"अहो, त्या जुनं बघायला येताहेत! म्हाताऱ्याला नवरदेवाचे कपडे घालून उभं केलंत!"

"तूच म्हणालीस ना नजरेत भरल्या पाहिजेत म्हणून?" कुलूपवाला म्हणाला.

म्हणाले होते, नाही कशाला म्हणू? पण जरा डोकं वापरायचं की नाही माणसानं! माझ्याबरोबरच्या पाहुण्यांना मी तिथल्या तिथे निरोप दिला. आमची भांडणं काही बघण्यासारखी नसतात.

"भावजी कुठायत?"

"उरलेला रंग घेऊन शेवटच्या बेटावर गेला. तिथल्या किराणावालीला पाटी हवी होती म्हणे."

मी उलट्या पावली धक्क्यावर गेले. बोटीत बसून भावजींना काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं. बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही.

शेवटचं बेट अगदी एवढंसं. दगडी पायऱ्या, दीपस्तंभ, गोड्या पाण्याची विहीर, आठ-दहा घरं आणि वाट अडवून बसलेल्या शेळ्या. दर रविवारी येऊनही किराणावालीच्या दुकानाकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. बघण्यासारखं काही नव्हतंच. आज तिथे भावजी शिडीवर उभे होते आणि त्यांच्या हातातला ब्रश चालत होता.

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. अक्षरं मामंजींची नव्हती. मामंजींची अक्षरं ताठ, शिस्तीत उभी असायची. ही ऐसपैस होती, गोलाव्याची, मोकळ्या मनाच्या माणसानं बोलावं तशी. गल्लीत रागाच्या भरात मी रंग तेवढा पाहिला होता, अक्षरं पाहिलीच नव्हती.

"भावजी, हे कुणाचं वळण?"

"माझं." ते शिडीवरूनच म्हणाले. "सगळे म्हणाले नवं कर, म्हणून म्हटलं, एकदा आपल्या हातानं करून बघू. बरं जमलंय ना, वहिनी?"

"बरं? फार सुंदर जमलंय हो!" मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. जुळवून आणलेल्या शिव्या गेल्या कुठल्या कुठे.

मग मी सगळं सांगितलं. ते शिडीवरून उतरले.

"माझ्या पाट्या राहिल्या तर गल्ली पडणार?"

"भिंतींसकट."

"मग पुसून टाकू. बाबांचा रंग मुरून दगड झालाय, माझा अजून ओला आहे. टर्पेंटाइननं माझा तेवढा निघेल, त्यांच्या रंगाला धक्का लागणार नाही." मग हळूच म्हणाले, "माझा रंग एक दिवस तरी राहायला हवा होता."

दुसरा उपाय नव्हता, आणि खोटी समजूत घालायची मला सवय नाही.

अंधार पडायच्या आत अर्ध्या पाट्या पुसल्या, उरलेल्या सकाळी. भावजींनी दुसऱ्या कुणाला चिंधी धरू दिली नाही. आम्ही सगळे शिड्या धरून उभे राहिलो. त्यांच्या गोल अक्षरांखालून मामंजींची ताठ अक्षरं एकेक करून वर येत गेली. शिंपी म्हणाला, माझी तेवढी राहू दे. भावजींनी तीही पुसली.

बाई आल्या. भिंग लावून एकेक पाटी पाहिली, बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "अस्सल आहेत. गल्ली वाचली." छत्रीवाल्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बाई पुढे म्हणाल्या, "फक्त आजपासून या पाट्यांना कुणी ब्रश लावायचा नाही. पोपडा निघाला तर आमची माणसं येतील."

टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी भावजींकडे पाहिलं.

मी उसळले. "वा! म्हणजे ज्यानं आजवर सांभाळल्या, त्यानंच हात लावायचा नाही? त्यानं करायचं काय मग?"

"नियम सगळ्यांना सारखा," बाई म्हणाल्या. "नियम नको असेल तर संरक्षणही नाही."

मी आणखी बोलणार होते. भावजींनी माझ्या दंडाला हात लावला. "वहिनी, राहू द्या. हो म्हणा."

मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते डबे, ब्रश आणि शिडी घेऊन धक्क्यावर निघाले. मी सोडायला गेले. शिडी बोटीत आडवी लावता लावता ते म्हणाले, "एवढी बेटं आहेत, वहिनी, आणि एकाही दुकानाला धड पाटी नाही. तिकडे कुणाची रेषा धरून चालायचं नाही."

"जेवणाचं काय?"

"किराणावाली घालेल. पाटी आवडलीय तिला." मग मान खाली घालून, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "गल्लीत तुम्ही बाबांबद्दल तासभर बोलता. रविवारी माणसं घेऊन तिकडे याल तेव्हा माझ्याबद्दल बोलाल का?"

जन्मात पहिल्यांदा या माणसानं कुणाकडे काही मागितलं होतं.

"तुम्ही रंगवत जा, भावजी," मी डोळे पुसत म्हणाले. "बेटं संपतील, माझं बोलणं संपायचं नाही."