मला धुवायला कुणी सांगितलं होतं?

मित्रांनो, मी एक जुना स्पंज आहे, भरात असताना तपकिरी आणि बुळबुळीत. नाक मुरडलंत ना? मुरडा. मला सवय आहे. माशांच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये मी बसतो आणि दिवसभर माझ्यातून पाणी जात राहतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा आणि कोरा होतो, म्हणजे अगदीच बिनकामाचा. पुढे एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, लोक आपली पाळी येईपर्यंत गाल धरून बसतात त्या खोलीतल्या टाकीत माझी नेमणूक झाली. तिथे हळूहळू माझ्या छिद्राछिद्रांत जिवाणूंनी बिऱ्हाडं थाटली. मासे पाण्यातच खातात आणि बाकीचं सगळंही पाण्यातच उरकतात. त्यातून अमोनिया होतो आणि तो माशांचे कल्ले जाळतो. माझे भाडेकरू त्या अमोनियावरच जगायचे. माझा रंग बदलला तो त्यांच्यामुळे. ती घाण नव्हती, वस्ती होती.

कौतुक मात्र काचेचं व्हायचं, दिव्यांचं व्हायचं. आयुष्यभर बुडबुडे सोडण्यापलीकडे काही न केलेल्या प्लास्टिकच्या पाणबुड्याचंही व्हायचं! माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही मनाला लावून घेतलं नाही, कारण टाकीतला म्हातारा गोल्डफिश मजेत होता. त्या खोलीत सगळ्यांत जास्त काळ तोच बसून असल्यामुळे डॉक्टर त्याला 'पेशंट' म्हणत.

दवाखाना बंद झाला तेव्हा डॉक्टरांनी पेशंटला आणि मला आपल्या बहिणीकडे दिलं. तिने हौसेने नवी टाकी घेतली होती. जुन्या टाकीच्याच पाण्यात मला डब्यात बुडवून डॉक्टर म्हणाले, "ताई, हा असाच, न धुता फिल्टरमध्ये बसव. नव्या टाकीचं पाणी दिसायला कितीही चकचकीत असलं तरी कच्चं असतं. ते हाच तयार करेल. आणि भावोजींपासून जप हं."

"पेशंटला?"

"अगं, याला!"

ताईंचे यजमान औषधाच्या कारखान्यात, इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या खोलीचे प्रमुख होते. तिथे एकही जंतू राहता कामा नये, हीच त्यांची नोकरी. ती ते घरीही घेऊन येत. ताई पेशंटची बादली सावलीत ठेवायला गेल्या तेवढ्यात यजमानांनी माझा डबा उघडला.

"शी! हे नव्या टाकीत? तुझ्या भावाने काय गटारातून काढलंय हे?"

त्यांनी मला नळाखाली पिळलं, मग उकळत्या पाण्यात टाकलं. वस्तीच्या वस्ती सिंकमधून वाहून गेली आणि हे गृहस्थ शीळ घालत होते!

ताई परत आल्या. "अहो, धुतलात की काय?"

"नुसता धुतला नाही, उकळला," ते म्हणाले. अभिमान तरी किती!

पेशंटला बादलीत किती दिवस ठेवणार? ताईंनी नळाच्या पाण्यातलं क्लोरिन मारायचे थेंब टाकीत घातले आणि त्याला आत सोडलं. पुढे अमोनिया तपासायला त्यांनी नळीत पाणी घेऊन त्यात औषध टाकलं. पिवळा रंग म्हणजे ठीक. नळी हिरवी झाली. पेशंट पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागला.

"अगं, भूक लागलीये बिचाऱ्याला," यजमान म्हणाले आणि त्यांनी चिमूटभर खाणं टाकलं. मग आणखी चिमूटभर. मित्रांनो, त्याचा जीव गुदमरत होता आणि त्याला जेवण वाढलं जात होतं! न खाल्लेलं कुजलं, नळी आणखी हिरवी झाली.

ताईंनी भावाला फोन लावला. डॉक्टर फोनमधूनच ओरडले, "खाणं बंद! रोज थोडंच पाणी बदल, थेंब घालून. आणि स्पंजाला कुणालाही हात लावू देऊ नकोस!"

ताईंनी तसंच केलं. नळीतला हिरवा फिकट होत गेला. माझ्या एका कोपऱ्यावर पुसटसा तपकिरी डाग धरला. पहिलं बिऱ्हाड परत आलं होतं. पेशंट पुन्हा शेपूट हलवत तळाशी जाऊ लागला. मला वाटलं, जमतंय.

मग यजमानांनी रजा घेतली. ताई कामावर गेल्या आणि इकडे यजमानांना माझा डाग दिसला.

मला पुन्हा उकळलं. वाळू ब्रशने घासली. सगळं पाणी ओतून दिलं आणि टाकी थेट नळाने भरली. थेंब घालायचे असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. ताई घरी आल्या तेव्हा पेशंट आडवा तरंगत होता.

"मासाच म्हातारा होता," यजमान म्हणाले. त्यांनी टाकी पुन्हा धुतली, पुन्हा भरली आणि या वेळी पाणी स्वतः तपासलं. "अगं, ये, बघ! पिवळं आलं! जमलं एकदाचं!"

ताई नळीकडे बघतही नव्हत्या. "जमणारच," त्या म्हणाल्या. "आत आहे कोण?"

मित्रांनो, शहाण्या माणसांनो, मासे पाण्याकडे बघत नाहीत, ते पाण्यातून श्वास घेतात. टाकी नवी असेल तर पाणी तयार होईपर्यंत धीर धरा. मी फारच तुंबलो तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळा आणि परत जागेवर ठेवा. हात धुवा, भांडी धुवा, माझी काही तक्रार नाही. आणि उकळायची एवढीच हौस असेल, तर घरात बटाटे असतात!