तालमीतला पेशंट

रोह्याच्या कारखान्यांमुळे आमच्या गावाला मॉकड्रिलचं नवल नाही. भोंगा वाजला तरी आम्ही ताटावरून उठत नाही. पण कोरोना अजून टीव्हीतच होता, तेव्हा साहेब लोक त्याची तालीम घ्यायला आले. गर्दी टाळायची कशी, हे बघायला अख्खा गाव शाळेच्या पटांगणात लोटला.

पेशंट झाला महिपती. दोन म्हशींचं दूध आमच्या वरसे गावात रतिबाने घालून घर चालवायचा. माणूस मुळात हौशी. तो असा काही खोकला की पुढच्या पोरी मागे सरल्या. पांढऱ्या किटातल्या दोघांनी त्याला गाडीत घातलं, गाडी सायरन वाजवत नाक्यापर्यंत जाऊन परत आली. टाळ्या पडल्या. सरपंच गुणाजीने त्याला नारळ दिला, तो मात्र जमिनीवर ठेवून.

दुसऱ्या दिवशी वरशातली निम्मी दारं उघडलीच नाहीत. गिरणीवर त्याच्या बायकोचा, सरूचा डबा बायजाबाईने पायाने बाजूला सारला.

"अगो, नाटक व्हतं ता," सरू म्हणाली.

"व्हय गो, मी व्हते ना बघायला. पन गाडी तर खरी व्हती?"

सरूने उरलेल्या दुधाचं दही लावलं, तूप कढवलं. पण तूप तरी कोण घेणार? म्हशींना काय, त्या दूध देतच होत्या. चुलीपुढे बसून ती रडली.

शेवटी गुणाजीने साहेबांना बोलावलं. साहेबांनी महिपतीच्या अंगणात उभं राहून कर्ण्यावरून सांगितलं, "हा इसम ठणठणीत आहे. कोणीही घाबरू नये." सरूने चहा पुढे केला. साहेब म्हणाले, "आत्ताच झाला." सगळ्या गावाने ते पाहिलं. त्या दिवसापासून उरलेल्या निम्म्या घरांनीही दूध बंद केलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तालीम निघाली. पेशंट कोण, असं साहेबांनी विचारलं.

"महिपती हाय ना," गुणाजी म्हणाला. "त्याला एकदा होऊन गेलाय. त्याला कसली भीती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. महिपती स्ट्रेचरवर जाऊन आडवा झाला.

"साहेब," तो म्हणाला, "या टायमाला नाक्यावरून परत आनू नका. खरंच दवाखान्यात न्या. बरा झाल्याचा कागद दाखवल्याबिगर माझं दूध कोन घ्यायचा नाय."