हॉलमधली गाडी

कडी पडली, कुलूप लागलं आणि कुंदानं ते नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं. दाराच्या आत मधु बनियनवर उभा होता. तिच्या चपला जिना उतरून जाईपर्यंत तो तसाच उभा राहिला, जणू बायकोला निरोप द्यायची हीच रीत असावी.

बदलापूर पूर्वेच्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये एक माणूस दिवसभर कुलपाआड बसलेला असतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नाही, असं कुंदा समजायची. कुलूप दिसलं की लोक समजायचे, मधुभाऊ ड्युटीवर. उभी हयात त्यानं अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीची बस चालवली होती. सकाळी माणसं उचलायची, संध्याकाळी ज्याला त्याला त्याच्या नाक्यावर सोडायचं. कुणाची चप्पल पायरीवर अडकली तरी आरशात पाहून थांबणारा ड्रायव्हर. पण गेल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा कंपनीच्या गेटात बस लावताना त्याला फिट आली. देवाची कृपा एवढीच की बस रिकामी होती आणि भिंतीला नुसती टेकली. दुसरी फिट आली ती इमारतीच्या जिन्यात.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि गाडी, विस्तव, उंची या तिन्हींपासून लांब राहायला सांगितलं. कुंदानं त्यात स्वतःची भर घातली. विळी, सुरी, कात्री कपाटात गेल्या. जिना बंद झाला. आणि माणसंही बंद झाली, कारण फिटचं कुणाला कळलं तर पोराला, आकाशला, मुलगी कोण देणार? उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कुंदा धागे कापायला जायची. जाताना कुलूप.

"चार दिवस गप बसा की हो घरात," म्हणाली होती. त्या चार दिवसांत पाऊस येऊन गेला, थंडी आली.

सप्ताहाची वर्गणी मागायला मंडळी आली, तेव्हा मात्र मधुच्या काळजाचं पाणी झालं. दरसाल कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा तो. बुवा थकले की टाळकऱ्यांनी चाल उचलून धरायची, आणि मधुभाऊनं उचलली की बुवाही वळून पाहायचे.

"कुलूप आहे रे," बाहेरून श्यामकांतचा आवाज आला. तो मंडळाचा कार्यकर्ता.

"सेकंड शिफ्ट असेल. यंदा टाळाला येतो का नाही कोण जाणे. माणूस हल्ली दिसतच नाही," दुसरा कुणी म्हणाला.

दाराच्या अलीकडे, हातभर अंतरावर, मधु श्वास कोंडून उभा होता. 'अरे, मी इथंच आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण कुलपाआडून बोलायचं म्हणजे कुलूप का लावलंय तेही सांगायचं. पावलं खाली गेली. त्यानं कपाळ दाराला टेकवलं.

बापाची ही घुसमट आकाशला दिसत होती. अंबरनाथला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डर होता. टीव्ही बघतानाही पप्पांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबतो, हे त्यानं एकदा पाहिलं आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला.

"पप्पा, कॉम्प्युटरवर गाड्यांची रेस असते ना, त्याचं पूर्ण कॉकपिट मिळतं. सीट, स्टिअरिंग, पेडल, सगळं. बाहेरून मागवायचं तर घर विकायला लागेल. आपण बनवू!"

मित्राकडचं गेमचं जुनं स्टिअरिंग आलं, दोन पेडलांसकट. सेकंडहँड कॉम्प्युटर आला. वर्कशॉपमधल्या चौकोनी पाइपांच्या तुकड्यांतून सांगाडा उभा राहिला. सीट मात्र कॅम्प पाचच्या परसूमल भंगारवाल्याकडची.

"तो म्हणाला, साईं, फॉरेन गाडी की सीट है," आकाशनं सांगितलं.

मधुनं सीटवरून हात फिरवला, बाजूचा खटका ओढून पाहिला. "कसली फॉरेन? साध्या मारुतीची आहे. गंडवलं तुला."

कुंदाची अट एकच होती. "पट्टा पायजे. चालवता चालवता आली, तर तोंडावर आपटतील." मग परसूमलनं 'धरम का' म्हणून सीटबेल्टही फुकट दिला. मधुनंही एक अट घातली, आरसा हवा.

"पप्पा, गेममध्ये मागचं स्क्रीनवरच दिसतं."

"आरशाशिवाय गाडी? मी बसणार नाही."

आरसा लागला. सांगाडा ठेवायला जागा एकच होती, तोंड भिंतीकडं, पाठ दाराकडं. त्यामुळे आरशात रस्त्याऐवजी दिसायचं ते घराचं बंद दार. ब्रेक जोरात दाबला की अख्खी गाडी गुळगुळीत लादीवर मागं सरकायची, म्हणून आकाशनं खाली रबरी चटई अंथरली.

पहिल्या दिवशी घरात हसून हसून पुरेवाट झाली. मधुचा डावा पाय क्लच शोधत राहिला. मागून गाडी आली की तो बाजू द्यायचा.

"पप्पा, रेस आहे ही! दाबा ना!"

"तो घाईत दिसतोय रे. जाऊ दे त्याला."

तो शेवटचा आला. कुंदाही पदर तोंडाला लावून हसली, किती महिन्यांनी. मग समाधानानं म्हणाली, "बरं झालं. आता घरबसल्या ड्युटी. बाहेर जायचं कामच नाही."

मधुचं हसू जागीच विरलं. पोरानं जीव ओतून बनवलेली वस्तू, तिला नावं कशी ठेवायची? पण त्याला कळून चुकलं की ही दुसरी कडी आहे. गेममधला रस्ता गोल फिरून पुन्हा सुरुवातीच्याच कमानीखाली यायचा. ना कुणी चढायचं, ना कुणी उतरायचं. तरी तो रोज बसायचा. दुसरं होतं काय? आणि बसला की पट्टा लावायचा, कुंदाला शब्द दिला होता म्हणून.

सप्ताहातल्या शेवटच्या रात्रीच्या कीर्तनाची ती संध्याकाळ. खाली मैदानात मांडव घातला होता. पखवाजाला कणीक लावून कुणी थाप मारून बघत होतं, आणि ती थाप तीन मजले चढून थेट मधुच्या छातीत वाजत होती. ती ऐकू येऊ नये म्हणून तो गाडीत बसला, पट्टा लावला आणि कधी नव्हे तो ॲक्सिलरेटर दाबला. वळण आलं की ब्रेक, पुन्हा सुसाट, पुन्हा ब्रेक. दर ब्रेकला गाडी चटईसकट थोडी मागं जात होती. त्याचं लक्षच नव्हतं.

धप्प! सीटची पाठ दाराला जाऊन भिडली.

मधु भानावर आला. उठायला म्हणून त्यानं पट्ट्याचं लाल बटण दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. पट्टा ओढून पाहिला. भंगारातल्या त्या चक्रीला पट्टा आत घ्यायचं तेवढं ठाऊक, बाहेर सोडायचं ती विसरली होती. जितका तो हिसडत होता तितका पट्टा छातीवर आवळत होता. खाली गजर सुरू झाला. दाराबाहेर कुलूप, दाराआत गाडी, गाडीत पट्टा आणि पट्ट्यात मधु.

बऱ्याच वेळानं जिन्यात चपला वाजल्या. कुलूप निघालं. दार सीटची गादी दाबत चार बोटं उघडलं आणि अडलं.

"अहो! दारामागं काय ठेवलंय?"

"मीच आहे."

"मग सरका ना!"

"सरकता येत नाही. पट्टा अडकलाय. गाडी मागं आलीय."

कुंदाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं खांद्यानं दार रेटलं, पण चटई गोळा होऊन पाइपाखाली पाचरीसारखी बसली होती. तिनं आकाशला फोन लावला. वर्कशॉपच्या खडखडाटात तो कसला उचलतोय!

"खालून माणसं बोलावते. श्यामकांतभाऊंना..."

"आणि काय सांगशील? रोज बाहेरून कुलूप लावून जाते म्हणून?"

तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या गोदूबाई बुक्का लावून कीर्तनाला निघालेल्या बाहेर आल्या. दाराच्या फटीशी बसलेली कुंदा पाहून थबकल्या.

"काय गं? मधु पडला का आत?"

"आत? ते तर ड्युटी..."

"अगं जा गं. रोज संध्याकाळी तुमच्या कुलपाआडून ठेका ऐकू येतो. कुलूप काय टाळ वाजवतं होय? म्हटलं, तुमची मर्जी, आपण कशाला विचारा." म्हातारी जिन्याच्या पायरीवरच टेकली. "कर काय करायचं ते. मी बसते इथं."

कुंदाचा चेहरा मधुला आरशात दिसत होता. फटीतून एक डोळा, अर्धं कुंकू. इतके दिवस ज्या आरशात नुसतं दार दिसलं, त्यात पहिल्यांदा माणूस आलं होतं.

आणि मग मधुला जळका वास आला.

"कुंदे," तो हळूच म्हणाला, "तुला वास येतोय का? जळका?"

"का?"

"सांग ना. येतोय का?"

तिनं नाक वर केलं. "येतोय की. खाली महाप्रसादाची आमटी लागलीय बहुतेक."

"तळाला लागली मेल्यांची," गोदूबाई म्हणाल्या. "दरवर्षीचंच आहे."

मधुनं मोठ्यानं श्वास सोडला. डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, माझाच वास."

"म्हणजे?"

"फिट यायच्या आधी मला जळक्या टायरचा वास येतो. गेटातही आला होता, म्हणून तर आधीच गाडी हळू घेतली. जिन्यातही आला, म्हणून कठडा धरून खाली बसलो होतो."

कुंदानं तोंड फटीला लावलं.

"हे मला आत्ता सांगताय?"

"तू विचारलंस कधी? तू नुसती कुलूप ओढून बघत होतीस." मग त्याचा आवाज मऊ झाला. "मलाही भीती होतीच गं. बोललो तर खरं होईल असं वाटायचं."

खाली बुवांनी निरूपण सुरू केलं होतं. शब्द कळत नव्हते, नुसती लय येत होती.

"तुझ्या पर्समध्ये धागे कापायची कात्री असते ना?" मधु म्हणाला. "ती दे. पट्टा कापतो."

"नाही!" कुंदा एकदम म्हणाली. "टोकदार आहे ती. हातात असताना आली तर? मी आत येऊ शकत नाही. इथनं बघत बसू?"

"वास आला तर लगेच टाकून देतो. तुला सांगतो, मग टाकतो."

"तुमचा काय भरवसा?"

"तेवढाच मागतोय की."

कुंदानं गोदूबाईंकडं पाहिलं. म्हातारीनं मान दुसरीकडं वळवली, जसं काही हे तिला विचारायचं नव्हतंच. पर्सची चेन वाजली. मधुनं हात खांद्यावरून मागं नेला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. कितीतरी वेळ त्या हातात काहीच आलं नाही. आरशातला डोळा मिटला होता, ओठ हलत होते. मग फटीतून तिचा हात मनगटापर्यंत आत आला. तिनं कात्री दिली, पण बोटं सोडली नाहीत.

"बोलत राहा," ती म्हणाली. "गप झालात तर ओरडीन मी."

"काय बोलू?"

"काहीपण. स्टॉप सांगा तुमचे." तिनं बोटं सोडली.

मधु करकर पट्टा कापत राहिला आणि बदलापूरपासून अंबरनाथपर्यंतचे जुने नाके घोकत राहिला. कोण कुठं चढायचं, कुणासाठी जास्त थांबायला लागायचं. धागा धागा तुटत होता. कंपनीचं गेट यायच्या आधीच पट्टा सुटला.

त्यानं आधी कात्री फटीतून परत दिली. मग चटई उपसली, गाडी पुढं ढकलली. दार उघडलं. कुंदा रडत होती आणि भांडतही होती. मधुनं सदरा चढवला आणि कपाटावरून टाळ खाली घेतले.

जिना उतरताना कुंदा त्याच्यापुढं एक पायरी खाली चालली, पडलाच तर तिच्यावर पडावा म्हणून. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मांडवात श्यामकांतनं काही न विचारता रांगेत जागा करून दिली. बुवांच्या कपाळावरून घाम निथळत होता. मागून चाल उचलली गेली तसे ते वळून हसले. बायकांच्या बाजूला कुंदाचं लक्ष निरूपणात नव्हतं. ती फक्त त्याच्या हातांकडं बघत होती.

पण रात्र सरली की सकाळ असतेच. काल्याला गोदूबाई गेल्या, कुंदाला सुट्टी नव्हती. तिनं डबा भरला, पर्स घेतली, चपला घातल्या. मधु गाडीच्या सीटवर बसला, तुटका पट्टा दोन्ही बाजूंना लोंबत होता. दार ओढलं गेलं.

मधु कडीच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

चपला दोन-तीन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. परत वर आल्या. दाराशी पोचल्या. मधुनं आरशाकडं पाहिलं नाही. दाराबाहेर ती श्वास घेतेय हेसुद्धा त्याला ऐकू येत होतं. मग चपला वळल्या, मजल्यामजल्यावर थबकत थबकत उतरून गेल्या.

आता त्यानं आरशात पाहिलं. दाराच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ होती. खालून टाळांचा आवाज येत होता. उठलं तर जाता येणार होतं. पण इतक्या महिन्यांनी एकट्यानं उठून जायचं कसं, ते पायांना आठवेना. उजवा पाय ब्रेकवर घट्ट दाबलेला होता. मधुनं तो हळूहळू उचलला.