उजवी पाकळी

दोष वसंतअण्णांचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठ्या माणसांच्या हकिकतीत शेवटी दोष नशिबाचाच निघतो. आणि नशीब काही हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान घालून बसलेलं नाही. वसंतअण्णा बसलेत.

मी एक कागद बोलतोय. साधा, रेघांचा, गौतमीटीचरच्या वहीतून फाडलेला. गौतमीटीचर म्हणजे पेठेमागच्या गल्लीतल्या बालवाडीची बाई. बाई कसली, तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी. तिनं माझ्यावर लिहिलं ते साडेतीन वर्षांच्या श्रीहर्षबद्दल. श्रीहर्ष हा वसंतअण्णांचा नातू.

श्रीहर्ष चावायचा. भिंतीवर डोकं आपटायचा. दुकानाचं लोखंडी शटर खडखडत वर गेलं की किंचाळत ताक्यांमागं जाऊन बसायचा. घरचे म्हणायचे हट्टी आहे, लाडावलाय. गौतमीनं चार महिने त्याच्याकडं नुसतं बघितलं. तिला दिसलं की पोरगं चावायच्या आधी स्वतःचा कान ओढतं. दरवेळी. तेवढ्यात कुणी खाली बसून हळूच विचारलं, "भ्या वाटलं काय रे?" तर ते चावत नाही, येऊन मांडीत बसतं.

एवढं सोपं होतं. चार महिने बघायची तयारी पाहिजे, बस्स.

तिनं मला दोन्ही बाजूंनी लिहिलं. पुढं कानडीत, धारवाडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी: काय दिसलं, किती वेळा दिसलं, आणि पोराला लवकर बघा, पाच वर्षांचा व्हायच्या आत. पाठीमागं मराठीत, श्रीहर्षच्या आईसाठी. आई म्हणजे शालिनी, मिरजेची लेक. तिला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. तिच्यासाठी चार ओळी होत्या.

"कान ओढायला लागला की ओरडू नका. खाली बसा. त्याला काय वाटतंय ते त्याच्या वतीनं तुम्ही बोलून दाखवा. मारू नका, मारलं तर तो जवळ येणं सोडेल."

गौतमी मला घेऊन दुकानात आली तेव्हा शालिनी वर स्वयंपाकघरात होती. खाली वसंतअण्णा, आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा नागेश, म्हणजे श्रीहर्षचा बाप.

"अण्णा, ह्याला धारवाडला एकदा दाखवूया," गौतमी म्हणाली.

हुबळीत कुणी भांडताना जास्तच बोलला की लोक म्हणतात, "ह्याला धारवाडला धाडा." वेड्यांचा मोठा दवाखाना तिथं आहे, हे इथल्या शेंबड्या पोराला पण कळतं. अण्णांचा हात मीटरपट्टीवर थांबला.

"धारवाडला? माझ्या नातवाला? मग दुकानावर बोर्डच लावतो की!"

"लहान पोरांचा विभाग वेगळा आहे अण्णा. खेळायला लावतात, आईला चार गोष्टी शिकवतात. त्याला वेड नाही लागलंय. त्याला भ्या वाटतंय आणि सांगता येत नाही."

"गाव विभाग विचारतंय होय? गाव विचारतंय, कुठल्या बसमध्ये चढला. आणि पोरं चावतातच. हा नागेश पाच वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता. आज बघ की, कसा गिऱ्हाईक सांभाळतोय."

नागेश हसला. नागेश अजूनही तोंड उघडत नाही हो. बापाला 'होय' म्हणण्यापुरतं उघडतो, त्याला आपण बोलणं धरायचं का?

"पाठीमागं शालिनीअक्कांसाठी मराठीत लिहिलंय. तेवढं द्या त्यांना," गौतमी जाता जाता म्हणाली.

"देतो, देतो." ती पायरी उतरायच्या आत अण्णा म्हणाले, "कालपर्वा शिकून आली, आणि आता आम्हांला पोरं वाढवायला शिकवतीय. कुठली कोण!" कुठल्या वस्तीतली, कुठल्या जातीची ते त्यांना नीट माहीत होतं. म्हणून तर म्हणाले.

शालिनी खाली आली. "मामंजी, टीचर काय म्हणत होत्या? कसला कागद?"

"सगळं कानडीत आहे, तुला नाही कळायचं. धारवाडला न्या म्हणतीय. देवीला विचारू."

मी तिथंच होतो. पाठ खाली करून, अण्णांच्या मुठीत. माझ्या पाठीवर तिच्या भाषेत, तिच्यासाठी चार ओळी होत्या, आणि मला स्वतःहून उलटता येत नव्हतं. कागदाचं एवढंच असतं. कुणी फिरवला तर फिरायचं.

त्या घरात मोठा निर्णय कौल लावून होतो. शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या चांदीच्या टाकाला चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर होय. डावी आधी पडली तर नको. सगळं घर हात जोडून बसलं. मला देवीपुढं ठेवलं होतं, त्यामुळं अण्णांचा हात फक्त मला दिसत होता.

डावी पाकळी त्यांनी नुसत्या पाण्यानं चिकटवली. उजवीखाली अंगठ्यानं गंधाचा ओला गोळा दाबला.

डावी दोन मिनिटांत पडली.

"देवी नको म्हणतीय," अण्णा म्हणाले. शालिनीनं टाकाला डोकं टेकवलं. बिचारीला वाटलं देवी बोलली. बोलला होता अण्णांचा अंगठा. त्याच अंगठ्यानं त्यांनी माझी घडी घातली आणि मला देव्हाऱ्यातल्या लाल कापडाखाली सारलं. माझ्या कोपऱ्यावर गंधाचा डाग पडला तो तेव्हा.

अण्णांना काय सांभाळायचं होतं सांगू? त्यांच्या धाकट्या लेकीचं, स्नेहाचं, गदगचं स्थळ. भाचा धारवाडच्या दवाखान्यात जातो म्हणून कळलं असतं तर गदगवाले मागं फिरले असते. पुढच्या वर्षी स्नेहाचं लग्न झालं, तेव्हा शालिनीनं भीत भीत परत विचारलं. परत कौल, परत गंध. आता स्नेहाचं बाळंतपण व्हायचं होतं. मोठ्या माणसांकडं पोराला थांबवायला कारणं कमी पडत नाहीत. पोराचं वय मात्र कुणासाठी थांबत नाही.

श्रीहर्षची बालवाडी तर अण्णांनी कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच बंद केली होती. गौतमी एकदा दारात आली. "शालिनी माहेरी गेलीय," अण्णांनी सांगितलं. शालिनी वर भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मला देव्हाऱ्यात ऐकू येत होता, म्हणजे गौतमीला पण आलाच असेल. ती परत आली नाही. तिच्यावर पण माझा थोडा राग आहे.

लाल कापडाखालून मला दिसत काही नव्हतं. ऐकू सगळं यायचं. शटर वर. किंचाळी. मग मीटरपट्टी. मग अण्णांचा आवाज, "गप्प! गप्प म्हणतोय ना!" मग गप्प. पहिल्या शाळेनं त्याला तीन आठवड्यांत परत पाठवलं, दुसऱ्या शाळेनं दहा दिवसांत. शालिनीनं पण मारायला सुरुवात केली. आधी मारून रडायची, पुढं पुढं रडायची नाही. मी ओरडत होतो, माझी पाठ वाच गं बाई! पण कागदाचा आवाज फाटताना होतो तेवढाच.

यंदा अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. खंडेनवमीला देव्हारा पुसायचं काम पहिल्यांदाच शालिनीकडं आलं. तिनं लाल कापड उचललं, माझी घडी उलगडली. पुढची कानडी बाजू बघून ती मला परत ठेवणार होती. तेवढ्यात वाऱ्यानं मी उलटलो. चार वर्षांत माझ्या बाजूनं झालेली एकच गोष्ट म्हणजे तो वारा.

तिनं चार ओळी वाचल्या. खालची तारीख वाचली. मग खाली दुकानात गेली. मी तिच्या हातातच होतो.

श्रीहर्ष ताक्यांमागं बसून कान ओढत होता. ती जमिनीवर बसली. हळू आवाजात म्हणाली, "हर्षा, भ्या वाटलं काय रे?" आणि त्याच्या पाठीवर ठेवायला हात पुढं केला.

त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. भिंतीला चिकटला. त्याला वाटलं, आता मार पडणार.

गल्ल्यावरनं नागेश बघत होता.

दुसऱ्या दिवशी ती श्रीहर्षला आणि मला घेऊन, कुणाला न विचारता धारवाडच्या बसमध्ये चढली. घरातनं निघताना पाठीमागनं अण्णा ओरडले, "देवीचा कौल मोडतीस?" तिनं वळून बघितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला दोन्ही बाजूंनी वाचलं. कोपऱ्यावरचा डाग त्यांना हळदीचा वाटला. "उशीर झालाय, पण सुरू करूया," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागवायला पाहिजे होतं, असं मला वाटतं.

आता मी फायलीत आहे, शिक्का बसलेला. माझ्या वहीतले दुसरे कागद इथं वेळेवर आले, त्यांची पोरं बाहेरच्या खोलीत ठोकळ्यांशी खेळतात. श्रीहर्ष त्याच खोलीत दाराजवळ बसतो. तुमच्या घरी असा कागद आला तर वडीलधाऱ्यांच्या हातात देऊ नका. स्वतः वाचा, उलटून वाचा, त्याच दिवशी वाचा.

कौलाचं शालिनीला अजून माहीत नाही. मला सांगता येत नाही.

श्रीहर्ष साडेसात वर्षांचा आहे. आईनं केस विंचरायला हात उचलला तरी तो डोकं झाकतो.