कळप परतल्यावर

पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढलेलं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढी उरलेली, चिमटीत मीठ धरावं तशी धरलेली... एक टोक झिजलं की पोरगी मान वर न करता ती नुसती उलटी करायची आणि पुढं लिहायला लागायची. ग्रंथपाल अनिसा टेबलामागून किती वेळ त्या पेन्सिलीकडंच बघत बसली होती, आणि मग कुठं तिच्या ध्यानात आलं, की दहावीतली ही ऋतुजा टिपणं काढत नाहीये. ती इंग्रजी-मराठी शब्दकोश उतरवून काढतेय. पहिल्या पानापासून, अख्खा.

शनिवारची सकाळची शाळा, मधली सुट्टी. दिंद्रुडच्या या हायस्कूलच्या वाचनालयात दोघींशिवाय कोणी नव्हतं. अनिसा उठून जवळ गेली.

"कुठवर आलीस गं?"

"म्हैनाभर लिहितेय. सी संपत आलंय, मॅडम."

"आणि हा उद्योग कशाला?"

"उद्या जायचंय मेंढरांच्या कळपासंगं. आजी होती तवर गावात ऱ्हात होते. आता घरी कोणच न्हाई. एकदम परीक्षेलाच येईन." पोरीनं पेन्सिलीनंच भिंतीवरचा फलक दाखवला. "कोश बाहेर न्हेता येत न्हाई ना."

तक्रारीचा सूर नव्हता. आज हवा गार आहे म्हणावं, तसं तिनं ते म्हटलं आणि पुन्हा लिहायला लागली. तिची आजी बायडाबाई श्रावणात वारली, हे अनिसाला ठाऊक होतं. त्यामुळं या पोरीचं गावातलं घर बंद झालं, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दात कोरून पोट भरायचा प्रकार हा. सी संपेल, डी सुरू होईल, घंटा वाजेल... आणि मग चार महिने माळावर, डीच्या पुढं काही नाही.

फलक तिनं स्वतः रंगवलेला होता. नियम चौथा: संदर्भग्रंथ वाचनालयाबाहेर दिले जाणार नाहीत. नियम दुसरा: पुस्तक सात दिवसांत परत करावे. नोकरीला लागली त्या वर्षी, दोन दिवस स्टुलावर उभं राहून, मोटारींच्या नंबरप्लेटा रंगवणाऱ्या अब्बांचा ब्रश आणून... आणि तेव्हापासून एकोणीस वर्षांत या वाचनालयातलं एकही पुस्तक हरवलं नव्हतं. तालुक्यात हे सांगितलं जायचं. अनिसा मॅडमचं वाचनालय बघा म्हणायचे, आणि ती पदर सारखा करत गप्प उभी राहायची, आतून मात्र फुगायची. का फुगू नये? तळहाताच्या फोडासारखी जपली मी ही कपाटं. वाळवी लागू दिली नाही, एक पान दुमडू दिलं नाही.

तिनं कोश हातात घेतला. करकरीत होता. सात वर्षांपूर्वी आलेला, आणि सीच्या पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. अगं बाई, हिच्याशिवाय हा कोणी उघडलाच नाही. जपला म्हणजे काय केलं मी? कोणाला हात लावू दिला नाही, एवढंच ना?

आणि मग तो आठवला... आठवायला नको होता तो. ऋतुजाचा बाप, मुंजाजी. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर चार दिवसांसाठी पोरगी कळपाकडं गेली, गोष्टीचं पुस्तक संगं नेलं, आणि तिकडं नांदूरघाटाच्या पलीकडं तापानं पडली. मुदत सात दिवसांची. तर हा गडी मेंढरं भावावर टाकून पुस्तक धोतराच्या सोग्यात बांधून निघाला, निम्मी वाट चालत, निम्मी कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर. सातव्या दिवशी पोचला. सातवा दिवस रविवार होता. शाळा बंद. व्हरांड्यात झोपला, आणि सोमवारी तिनं दार उघडलं तर हा पुस्तक दोन्ही हातांत धरून उभा.

"येक दिस उशीर झाला बाई," म्हणाला.

आणि तिनं काय केलं? नियम सहावा. पोरीचं कार्ड महिनाभर बंद केलं. रविवार धरायचा नसतो, एवढं तरी त्या माणसाला सांगायचं होतं! नाही सांगितलं. फलकावर रविवारचं काही लिहिलेलं नव्हतं.

"बराबर हाय," मुंजाजी म्हणाला होता. "आमच्यात बी आसंच. कोणाच्या रानात खतासाठी तीन राती कळप बसवायचा ठरला, की चौथी रात न्हाई. शब्द म्हंजी शब्द." आणि पाणीसुद्धा न पिता परत गेला.

त्या आठवणीनं अनिसाला आता, या क्षणी, कानापर्यंत लाज वाटली. पुस्तकं बुडवतील म्हणून जी माणसं तिनं एकोणीस वर्षं दारात अडवली, त्यांच्यातलाच हा एक... आणि नियम त्याच्याइतका कोणी पाळला होता? मी तरी पाळला असता का, ताप आलेली पोरगी मागं सोडून?

दारात हेडमास्तर भगवानराव उभे राहिले. सोमवारी तपासणी, सकाळपासून त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"मॅडम, सगळं जागच्या जागी पाहिजे बरं का. संदर्भाच्या कपाटाकडं साहेब आधी बघतात."

"एक पुस्तक नसेल, सर."

"हरवलं?" ते आतच आले.

"नाही. देतेय. शब्दकोश, हिला."

भगवानरावांनी फलकाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "एकोणीस वर्षांचं नाव हाय तुमचं. चार महिने माळावर फिरणार ते पुस्तक. कशाला डोक्याला ताप? मी तर लेखी विचारीन हां. मला विचारावंच लागंल."

"विचारा, सर. मी लेखी उत्तर देईन."

ते पुढच्या वर्गाकडं वळले. वाईट माणूस नव्हता तो. सोमवारी खरंच विचारील, आणि वरचे साहेबही विचारतील. अनिसानं देवघेवीची वही उघडली. नाव लिहिलं. पुस्तकाचा क्रमांक लिहिला. परतीच्या रकान्याशी हात थांबला... तारीख काय घालायची? सात दिवस म्हटलं तर तो मुंजाजी पुन्हा चालत येईल. येईलच तो. तिनं लिहिलं: कळप परतल्यावर.

"मॅडम," ऋतुजा उभी राहिली होती, कोशाला हात न लावता. "पावसात भिजलं तर? मेंढरू लई वंगाळ जात, पान खाल्लं तर?"

"तर खाल्लं," अनिसा म्हणाली, आणि आपल्याच तोंडून हे निघालं याचं तिला नवल वाटलं. "तुझ्या बापाला सांग, सात दिवसांचा नियम तुला नाही. नीट सांग त्याला, नाहीतर येऊन उभा राहील."

पोरगी हसली. कोश छातीशी धरून दाराबाहेर गेली, पुन्हा आत आली, टेबलावर राहिलेली पेन्सिल उचलली आणि परत गेली.

घंटा वाजली. कपाटात जाडजूड ग्रंथांच्या रांगेत चार बोटांची फट पडली होती. शेजारचं पुस्तक सरकवून ती बुजवता आली असती, सोमवारी कोणाला पटकन दिसलीही नसती. अनिसानं ती तशीच ठेवली. भीती गेली नव्हती. सोमवारी काय बोलायचं, कोणत्या शब्दांत, हे ती मनात जुळवत होती आणि मधेच तिला माळ दिसत होता, मेंढरांभोवतीच्या जाळीजवळ बसलेली पोरगी, तिच्या मांडीवरचं ते पुस्तक, त्यावर धूळ, लोकर, हळदीच्या बोटांचे ठसे... आणि ते पुस्तक तसंच, मळून, पानं सुटून परत यावं, असं तिला फार वाटलं.